घोंगडीतली रोजनिशी

निजामाच्या अमलातली गोष्ट. धारूरच्या घाटात सावलीला बसून मी रोजनिशी लिहीत होतो. मेंढ्यांमागून चातीवर लोकर कातत एक म्हातारा धनगर आला.

"काय लिवता?"

"रोज काय घडलं ते."

त्यानं अंगावरची घोंगडी माझ्या मांडीवर पसरली. "आमचं हितं हाय." सूत त्यानंच चालता चालता कातलेलं. एका जागी ते गाठाळ होतं.

"बायको गेली तवा हात लई कापायचा. विणणारा म्हणला, एवढं काढून टाकतो. म्या न्हाई म्हणलं."

त्याचं बोट गाठींवरून सावकाश फिरत राहिलं. मेंढ्या डुलत उतरणीला लागल्या. घाट पेंगत होता.

"थंडीत हीच बाजू छातीशी घेतो. तुमचं लिवलेलं पांघरता येतं का?"

घोंगडी उचलून तो गेला. मांडीला ऊब बराच वेळ होती.