साडूचं कॅमल क्रिकेट

अख्ख्या ओमानमध्ये "मला माहीत नाही" हे वाक्य न उच्चारता बारा वर्षं काढलेला माणूस एकच, आमचा साडू. राजापूरकडचा, सातवी नापास, इब्र्यात एसी दुरुस्त करणारा. निझव्याचा रस्ता विचारणाऱ्याला हा इतक्या खात्रीने वाळवंटात घुसवायचा, की तो तीन दिवसांनी परत येऊन याचेच आभार मानायचा. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, खजुरावर तर याने आंब्याचं कलम बांधलं. "पुढच्या सीझनला हापूस, इन्शाल्ला!" अर्बाब अजून त्या झाडाला स्वतः पाणी घालतो.

त्याची मुलगी सहावीत. इंग्रजी फाडफाड, मराठी चाचपडत. शाळेचं काही अडलं की ती बापाला सोडून मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन करायची. हे साडूला फार लागायचं. एका गुरुवारी मावशीचा फोन लागेना, तेव्हा तिने पहिल्यांदाच त्याला विचारलं.

"बाबा, कॅमल क्रिकेट माहीत आहे? रविवारी प्रोजेक्ट आहे, फोटो पाहिजे."

"त्यात काय गो! उद्या देतो."

शुक्रवार-शनिवार तिकडे सुट्टी. शुक्रवारी साडू ओळखीच्या एका बदूच्या, वाळवंटातल्या उंटवाल्याच्या, उंटावर बसला, डोक्याला हेल्मेट, हातात बॅट. बॉलर मी, शेजारच्या गावातून खास बोलावलेला. फोटोसाठी बॅट उगारत हा जोशात ओरडला, "यल्ला!" उंटाला वाटलं, "चल" म्हणून आपल्यालाच सांगितलं. उंटाने एकट्याने तीस-एक रन काढले. आमचा फलंदाज क्रीजवरच उताणा.

फोटो बघून पोरगी हसलीसुद्धा नाही. "बाबा, ती गेम नाही. किडा आहे, वाळूमधला. जाऊ दे, मी मावशीला विचारते."

ते "जाऊ दे" साडूच्या जिव्हारी लागलं. शनिवारी उजाडताच त्याने पोरीला आणि मला गाडीत कोंबून वाळूच्या टेकड्या गाठल्या. टाचणीने ओरखडल्यासारखा एक माग दिसला, तिथे हा गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उकरायला लागला. कोपरभर खाली तो सापडला: वाळूच्याच रंगाचा, अंगापेक्षा लांब मिशांचा रातकिडा. मी म्हणतो उंदराएवढा होता, पोरगी म्हणते बोटाएवढा. तिने फोटो काढला आणि साडूने त्याला खाली सोडलं. मागच्या काटेरी तंगड्यांनी वाळू उडवत तो बघता बघता गडप झाला.

"बघितलंस? तंगड्यांना घमेली बांधल्येत त्याने! ते काटे नसते, तर वाळू गळून गेली असती. विहीर खणताना आम्ही अशीच माती मागे टाकायचो..." साडू अर्धा तास बोलत होता. पोरगी वहीत काही लिहीत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही शाळेत या. तुम्हीच सांगा."

"माझं इंग्लिश कसलं गो..."

"मराठीत सांगा. मी टीचरला इंग्लिशमध्ये सांगेन."

साडूचा हात किल्लीवर होता, तो तसाच राहिला. काचेवर वाळू येत होती. गाडी चालू करायचं तो विसरला होता, आणि घाई मलाही नव्हती.