देवघराच्या भिंतीची माती

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता अंधूक झाल्या आहेत. ही मात्र तपशिलासकट लक्षात राहिली. तिच्यात शेवटी चोर कोणीच निघाला नाही, पण एका माणसाच्या नावाला कायमचा डाग लागायचा तो थोडक्यात टळला, आणि तो डाग लावणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हा मी मेहकर तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळा सुरू झालेला. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचे कागद पाहत होतो, तेवढ्यात हद्दीतल्या एका गावाहून पोलीस पाटलांचा फोन आला. ते म्हणाले, "साहेब, एका मिस्त्रीले लोकायनं धरून ठेवलं हाये. कोणी हात उचलाच्या आधी गाडी पाठवा." गाडी पाठवण्यापेक्षा आपणच गेलेले बरे, म्हणून जमादारांना घेऊन निघालो.

गावातले एक जुने धाब्याचे घर पाडायला घेतले होते. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचे छत. घराचे मालक पन्नाशीचे शेतकरी, गावात त्यांना सगळे 'थोरले' म्हणत. त्यांची आई हिवाळ्यात वारली होती. नवे घर बांधायचे म्हणून त्यांनी गावातल्याच मिस्त्रीला काम दिले होते. पाडकाम तीन दिवसांत होत आले होते.

त्या दिवशी पहिल्या बसने त्यांची बहीण आली. आदल्या दिवशी फोनवर बोलताना भावाने देवघराची भिंत पडल्याचे सहज सांगितले, आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. आईने त्या भिंतीत एका मडक्यात दागिने लिंपून ठेवले होते. पुतळ्यांची माळ, पाटल्या आणि एक नथ. पूर्वी कधी आसपास दरोडे पडत, तेव्हाची ती गोष्ट. हे फक्त लेकीला ठाऊक होते. आई जाऊन थोडेच दिवस झालेले, आताच दागिन्यांचा विषय काढला तर भाऊ म्हणेल वाट्यासाठी आली, म्हणून ती गप्प राहिली. घर इतक्या लवकर पाडायला घेतील असे तिला वाटले नव्हते.

सगळ्यांनी धावत जाऊन पाहिले. भिंतीचा एक कोपरा तेवढा उभा होता. त्यात गोल पोकळी आणि तिला चिकटलेली मडक्याची एक बाजू. बाकी काही नाही.

ती भिंत फोडताना मिस्त्री एकटाच होता. मजूर पलीकडे छताची लाकडे वाहत होते. शिवाय भिंत फोडली त्याच दुपारी तो अंगात ताप आहे असे सांगून काम सोडून गेला, आणि गावातल्या एकाने त्याला मेहकरला सराफाच्या दुकानात पाहिले होते. एवढे ऐकल्यावर गावाला अजून काय हवे होते?

मी त्याला गर्दीतून काढून गाडीत बसवले. थोरल्यांची फिर्याद घेतली, गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवला आणि संशयित म्हणून मिस्त्रीचे नाव स्टेशन डायरीत गेले. खरे सांगायचे तर माझाही संशय त्याच्यावरच बसला होता.

चौकशीत त्याने तापाची गोष्ट खोटी असल्याचे लगेच कबूल केले. मुलीची सोयरीक जमत आली होती. तिच्यासाठी जोडवी पाहायला तो मेहकरला गेला होता. काम अंगावर असताना मालक सोडणार नाही, म्हणून तापाचे निमित्त सांगितले. सराफाकडे जमादारांना पाठवले. त्यानेही तेच सांगितले, गिऱ्हाईक आले, जोडवी पाहिली, न घेता गेले. पण एकदा माणूस खोटे बोलला की पोलिसाच्या मनात त्याचे खरेही खोट्याच्याच खात्यावर पडते. मी त्याला सकाळी बोलावत होतो, संध्याकाळी सोडत होतो, आणि तेच तेच विचारत होतो. कुठे होतास? कोण बरोबर होते? काय घेतलेस? कुठे ठेवलेस?

तो आवाज चढवत नव्हता. दर वेळी एकच सांगे, "मले मालूमच नव्हतं साहेब, भितीत काही हाये म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. जमादारांनी तिला आत बोलावून पाणी दिले. तिने सांगितले की मुलाकडच्यांचा निरोप आला आहे, सध्या थांबा म्हणून. हे जमादारांनी मला सांगितले तेव्हा मी हातातली फाईल मिटून ठेवली. अपराधी सापडला तर त्याच्या घरच्यांचे हाल होतात, ते आम्हाला रोजचेच. पण हा अपराधी नसला तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पंच घेऊन पुन्हा जागेवर गेलो आणि भिंतीचा तो कोपरा नीट पाहिला. जे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते ते तेव्हा दिसले. भिंतीत पुरलेली वस्तू काढायची तर भोवतीची माती सब्बलीने, म्हणजे पहारीने, कोरावी लागते. इथे पोकळीभोवती कोरल्याची एकही खूण नव्हती. भिंत बरोबर मडक्याच्या जागीच दुभंगली होती, कारण तिथेच ती पोकळ होती. मडके उभे चिरून अर्धे कोपऱ्याला राहिले आणि अर्धे, आतल्या ऐवजासकट, पडलेल्या मातीत गेले. चोरीच झाली नव्हती. माती गेली, तिच्याबरोबर दागिने गेले.

आमच्या भागात जुन्या घराची पांढरी माती कोणी फेकून देत नाही. ती खतासारखी शेतात टाकतात. पाडकामाची माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावले. चाळिशीचा, बोलका माणूस. त्याने सांगितले, अकराच्या अकरा खेपा नाल्याकाठच्या एका शेतात टाकल्या. आम्ही तिथे गेलो. ढीग अजून पसरलेले नव्हते. थोरले, त्यांची बहीण, शेतमालक, आमचे दोन शिपाई, सगळ्यांनी वाळूच्या चाळण्या आणून ढीग चाळायला घेतले. दुपारपर्यंत खापराचा तुकडाही मिळाला नाही.

मी बांधावर बसून ढीग मोजत होतो. पुन्हा मोजले. आठच होते.

ट्रॅक्टरवाल्याला बाजूला घेतले. मी फक्त विचारले, बाकीच्या तीन खेपा कुठे आहेत? त्याचा बोलकेपणा तिथेच संपला. खाली पाहत म्हणाला, "शेतवाल्याले सगळी माती कबूल केली होती साहेब. अन् तीन खेपा माह्या साढूच्या वीटभट्टीवर नेल्या. चोरी नाही केली. गावात तोंड दाखवाले जागा राहाची नाही, म्हणून बोललो नाही."

त्याच्या एवढ्याशा लपवालपवीने आमचा अर्धा दिवस गेला होता, आणि मिस्त्री ठाण्यात बसून होता.

भट्टी नदीकडेला होती. पोचलो तेव्हा साढूने हात जोडले. एका खेपेची माती भिजवून तिच्या विटाही पाडून झाल्या होत्या, कच्च्या विटा ओळीने वाळत होत्या. उरलेल्या दोन खेपा भट्टीवरच्या दुसऱ्या मातीत मिसळून मोठा ढीग झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी सोडणार होते. जमादार म्हणाले की एवढे चाळायला दोन दिवस लागतील. बहीण ढिगाकडे पाहत उभी होती.

तेव्हा मला सुचले, आणि उशिरा सुचल्याची लाज अजून वाटते. मी गाडी पाठवून मिस्त्रीला बोलावून घेतले.

तो आला. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने आधी अंगातला सदरा काढला, झटकला आणि जमादारांच्या हातात दिला. धोतराचा सोगा उलटा करून पंचांना दाखवला. "मंग कोणी म्हणाले नको," एवढेच बोलला. मग ढिगाभोवती फिरू लागला. हाताने ढेकळे उचलायचा, पाहायचा, टाकायचा. एका बाजूला तो थांबला. ढेकूळ थोरल्यांना दाखवून म्हणाला, "पाहा, याच्यावर नीळ हाये. घरात नीळ टाकलेला चुना फक्त तुमच्या मायच्या देवघराले होता. बाकी घर पांढऱ्या मातीनं पोतारलेलं. देवघराची भित इथं पडली हाये."

थोरल्यांनी ते ढेकूळ हातात घेतले. निळसर पापुद्रा स्पष्ट दिसत होता.

आम्ही फक्त तेवढीच बाजू उकरली. अर्ध्या तासात मिस्त्रीच्या हाताला खापर लागले. त्याने हात मागे घेतला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, तुम्ही काढा." तिने गुडघे टेकून मातीत हात घातला. काळे पडलेले फडके निघाले, आत माळ आणि दोन्ही पाटल्या. पंचांसमोर मी एकेक वस्तू मांडली. नथ मात्र मिळाली नाही. कच्च्या विटा फोडून पाहू का, असे साढूने विचारले. बहीण म्हणाली, राहू द्या, गरिबाचे काम कशाला मोडता.

पंचनामा लिहून झाला. मग थोरले उठून मिस्त्रीसमोर उभे राहिले. "चुकलं माह्यं," म्हणाले.

मिस्त्री सदरा अंगात चढवत होता. म्हणाला, "मले नका सांगू. माह्या सोयऱ्यायले सांगा. आताच, इथून."

थोरल्यांनी तिथेच फोन लावला. आपण कोण, काय आरोप केला, वस्तू कुठे आणि कोणाच्या हातून सापडली, सगळे त्यांनी सांगितले. नंतर फोन माझ्याकडे दिला. मी ठाणेदार बोलतोय, या माणसाविरुद्ध काहीही नाही, असे सांगितले. पलीकडून मुलाचे वडील म्हणाले की येत्या रविवारी आम्ही येतो. ते ऐकून मिस्त्री विटांच्या ओळीशेजारी खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. साढूने सगळ्यांसाठी चहा ठेवला. तीन दिवसांत मी पहिल्यांदा चवीने चहा प्यालो.

पुढे न्यायालयात 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजुतीने नोंदला गेल्याचा अहवाल, आणि दागिने रीतसर भावा-बहिणीच्या ताब्यात मिळाले. ते घर त्याच मिस्त्रीने पूर्ण केले. माळ बहिणीने भावजयीच्या गळ्यात घातली, असे नंतर पाटलांकडून कळले.

त्या दिवशी परतताना मिस्त्री आमच्याच गाडीत होता. मी त्याला विचारले, ही निळीची गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितली? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तुम्ही मले काय केलं तेच इचारत होते साहेब. काय झालं असन, ते कोणी इचारलंच नाही."

बोलण्यात राग नव्हता. तीस वर्षे भिंती बांधणारा आणि पाडणारा माणूस तीन दिवस माझ्यासमोर बसला होता, आणि भिंत कशी पडते हे मी त्यालाच विचारले नव्हते. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत संशयिताचा जबाब घेताना मी शेवटी लेखणी खाली ठेवत असे आणि विचारत असे, तुम्हाला काय वाटते, काय झाले असेल? पुष्कळांनी थापा मारल्या. पण काहींनी मला ज्या जागी नेले, तिथे मी एकटा कधीच पोचलो नसतो.