गोल बाटलीवरचं ‘निवांत’

चोवीस वर्षं बाईंनी लिहिलेलं घराघरांत वाचलं जात होतं. ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’, ‘थंड ठिकाणी ठेवा’, ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये’. औषधांची लेबलं छापणाऱ्या छापखान्यात त्या अक्षरं काढायच्या. एवढा वाचकवर्ग भल्याभल्या लेखकांना मिळत नाही, आणि तोही आजारी असल्यामुळे अगदी लक्ष देऊन वाचणारा. फक्त इतक्या वर्षांत एकाही लेबलावर बाईंचं नाव आलं नव्हतं.

छापखान्यात त्यांना वेलांटीबाई म्हणत. ‘ठिकाणी’ची पहिली वेलांटी कुणीतरी दुसरी केली, म्हणून त्यांनी एकदा चालू मशीन थांबवायला लावलं होतं. मशीनवाल्याने कपाळाला हात लावून हे नाव ठेवलं. त्याने चिडवायला म्हणून ठेवलं खरं, पण बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं.

अशा या वेलांटीबाईंकडे एके दिवशी मास्तर आले. मास्तरांनी उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते झाडांना पाणी घालतील असं सगळ्यांना वाटत होतं, तर त्यांनी एका बंद गॅरेजात स्टीलच्या दोन टाक्या बसवल्या आणि गव्हाची बिअर बनवायला घेतली. घरी आधी रणकंदन झालं, मग अबोला, आणि दोन महिन्यांनी त्यांची बायकोच पदर खोचून बाटल्या धुवायला उभी राहिली.

‘‘बाई, मला लेबल हवंय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘चित्रबित्र नको. नुसती अक्षरं. आणि खाली कोपऱ्यात तुमचं नाव.’’

पुढे ते कागद, शाई, बर्फात बाटली बुडवली तर लेबल सुटता कामा नये वगैरे बरंच बोलले. बाईंना ‘तुमचं नाव’च्या पुढचं काही ऐकू आलंच नाही.

बाईंनी जन्मात बिअर चाखली नव्हती. पण न चाखता अक्षर काढणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटलं. त्यांनी घरातून औषधाचं मापाचं झाकण आणलं, त्यात रेघेपर्यंत बिअर ओतून घेतली आणि डोळे मिटून डोस घ्यावा तशी घेतली. तोंड जरा वाकडं झालं, मग सरळ झालं. ही कशी प्यायची असते, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, निवांत. झालं, बाईंना बिअरचं नाव मिळालं.

आठ दिवस त्या नुसत्या हवेत तरंगत होत्या. भाजी चिरताना विळीवर ‘वां’ची गोलाई दिसायची. नवरा काही विचारायला आला की त्याच्याऐवजी त्याच्या कानाच्या वळणाकडे बघत बसायच्या. शेवटी अक्षरं साधली. लेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐसपैस ‘निवांत’. शेवटच्या ‘त’वर फेस आल्यासारखी एक कमान, आणि ती उजवीकडून ओघळत खाली आलेली. मास्तर बघून इतके हरखले, की त्यांनी त्याला दहापैकी दहा दिले. शाळेत त्यांनी साडेसातच्या वर कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं.

आता सगळी भिस्त कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानाच्या मालकीणबाईंवर होती. त्यांच्या फडताळात नव्या एकाच बिअरपुरती जागा होती. शनिवारी चार वाजता त्या बाटली बघून होय की नाही सांगणार होत्या. नाही म्हणाल्या, तर ‘निवांत’ गॅरेजातच राहणार, आणि बाईंचं नावही टाकीमागे धूळ खात पडणार.

शुक्रवारी सकाळी नमुन्याचं लेबल चिकटवून बाईंनी बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि त्या दाराशी जाऊन नवऱ्याची वाट बघू लागल्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घ्यायची सवय, त्यामुळे समोर दिसेल ते मोठ्यांदा वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे. तो आंघोळ करून आला, फळीकडे बघितलं आणि वाचलं,

‘‘वांती.’’

बाई दाराशीच गर्रकन वळल्या.

‘‘अगं, हे औषध वांती थांबायचं, का व्हायचं?’’

बाई धावत आल्या. बाटली जराशी डावीकडे फिरली होती. ‘नि’ वळसा घालून मागे गेला होता, आणि ‘त’वरच्या फेसाचा ओघळ ऐटीत दुसरी वेलांटी होऊन उभा होता. चूक कशी झाली हे त्यांना लख्ख कळलं. औषधाच्या बाटल्या चपट्या. चोवीस वर्षं त्यांनी सपाट पोटावर अक्षरं लिहिली होती. ही बाटली गोल होती, आणि गोल बाटली एका वेळी जेमतेम तिसरा हिस्साच दाखवते. आणि फडताळात बाटल्या नीट समोर तोंड करून थोड्याच उभ्या राहतात?

छापखान्यात ही लेबलं छापायला मशीन बारा वाजता सुरू होणार होतं. सव्वानऊ झाले होते.

बाईंनी ओघळ काढून पाहिला, तर ‘वांत’ उरलं. अक्षरं बारीक केली, तर दोन पावलांवरून नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. शेवटी त्या बाटली पिशवीत टाकून नवऱ्याबरोबरच त्याच्या दुकानात गेल्या. लांबून कसं दिसतं ते तिथे मापून बघता आलं असतं. दुकानात पहिलंच गिऱ्हाईक, एक आजोबा, एक डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता वाचत होते. मोठं अक्षर, खाली दुसरं, खाली तिसरं. आजोबा एकेका अक्षराशी थांबत होते, खात्री करून घेत होते, मग खाली उतरत होते.

‘‘अहो, कागद द्या,’’ बाई म्हणाल्या.

नवऱ्याने बिलाचा कागद उलटा करून दिला. बाईंनी ‘नि’ काढला. त्याच्या खाली ‘वां’. त्याच्या खाली ‘त’. चोवीस वर्षं जिवापाड जपलेल्या शिरोरेषेचे तीन तुकडे करताना हात क्षणभर अडखळला. पण अक्षरं एकाखाली एक उभी राहिली ती काय राहिली! आता बाटली थोडी फिरली तरी गेलं तर सगळं नाव जाईल, अर्धं जाऊन दगा देणार नाही. आणि लेबलावर त्यांनी तेच नाव तीनदा लिहिलं, म्हणजे एक गेलं की दुसरं हजर.

आजोबांचे डोळे तपासायचे राहिले. नवरा तो कागद धरून सहा पावलांवर उभा राहिला आणि आजोबांनी एक डोळा झाकलेला ठेवूनच वाचलं. बाई अकरा वाजून पन्नास मिनिटांनी छापखान्यात पोचल्या. चालू मशीन थांबवायची वेळ त्यांच्यावर आली नाही, कारण मशीनवाला त्यांना येताना बघून आपणहून बटणापासून दूर झाला.

शनिवारी चार वाजता मालकीणबाईंनी बाटली फडताळात ठेवली, मुद्दाम वेडीवाकडी, आणि दारापर्यंत मागे गेल्या. मास्तर परीक्षेला बसलेल्या पोरासारखे नखं खात होते. बाईंना श्वास घ्यायची आठवणच राहिली नव्हती.

‘‘नि,’’ मालकीणबाईंनी वाचलं. मग थांबल्या. ‘‘वां.’’ आणि सावकाश, ‘‘त.’’

सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या मालकीणबाईंनी तिथेच स्टूल ओढलं आणि बसकण मारली.

‘‘ठेवते मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अक्षरं कुणाची?’’

मास्तर उत्तर देणार, तेवढ्यात वेलांटीबाई पुढे झाल्या, बाटली उचलली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘वाचा ना. इथे लिहिलंय.’’