मग दुखतंय कोण?

फोरमन कुठलीही वस्तू आधी वाजवून बघत. गॅसचा सिलिंडर घरात आला की बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत टकटक करून तो कितपत भरलाय ते सांगत. पाण्याची टाकी, दाराची फळी, बाजारातलं कलिंगड, जिन्याचा कठडा, काहीच त्यांच्या पेरातून सुटलं नाही. वाजवायचं, मान तिरकी करायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि ऐकायचं. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून चमच्याच्या देठाने ते स्वतःचे दातसुद्धा एकेक करून वाजवत. "सर, मशीन न सांगता कधीच बंद पडत नाही," ते मला म्हणायचे. "ते सांगत असतं. आपण ऐकत नाही." असं म्हणणारा माणूस एका बुधवारी सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना, बेसिनपाशी खाली बसला आणि उठलाच नाही. या गोष्टीला आता काही महिने झाले. तरी वरचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, आणि ते दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं पुन्हा वाचून पाहिलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते बॉयलरवर फोरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बदलापुरात, आमच्या कुळगावच्या सोसायटीत, त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं, सगळे फोरमनच म्हणत. गाव साताऱ्याकडचं. मी अंबरनाथच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. दोघांची दारं तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर. मी कमी बोलणारा, आणि त्यांना ऐकणारा माणूस हवा होता. तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

आम्हाला जोडणारी दुसरी गोष्ट सांगताना लोक हसतात. दोघांच्याही हिरड्या बिघडल्या होत्या. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून फोरमननी ऐन उमेदीत मिश्री लावली आणि ती पुढे सुटली नाही. दोन दाढा त्यांनी स्वतःच हलवून हलवून काढल्या होत्या. माझं व्यसन काही नव्हतं, नुसता आळस होता. ब्रश केला की रक्त यायचं, म्हणून जिथे रक्त येई तिथे मी ब्रश लावणं बंद केलं होतं. हे ऐकून फोरमननी कपाळाला हात लावला. "सर, तुमच्या लायब्ररीत वाळवी लागते तेव्हा बाहेरून पुठ्ठा कसा मस्त दिसतो! उघडलं की भुसा. चला माझ्याबरोबर."

उल्हासनगरच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या वर, हिरड्यांच्या डॉक्टर बसतात. सिंधी आहेत, वयाने आमच्या मुलांसारख्या, आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवतात. त्यांनी आमच्या हिरड्यांच्या आत, मुळापर्यंत जाऊन किटण काढलं. ते काम संपलं आणि दोन आठवड्यांनी फोरमन तावातावाने पुन्हा त्यांच्याकडे गेले. मी बरोबर होतो, म्हणून मला ते भांडण पाहायला मिळालं.

"मॅडम, तुम्ही माझे दात घासून टाकले. आधी फट नव्हती, आता बडीशेप अडकते. गार पाणी लागतं. दात लांब दिसतात, घोड्यासारखे!"

"अंकल, आधी बसा. दात नाही घासले. हिरडी सुजलेली होती, वर दगड जमलेला होता, त्यात फट लपली होती. सूजन उतर गयी, फट दिखने लगी."

फोरमननी खुर्चीच्या हातावर एकदा टकटक केली आणि मोठ्याने हसले. "म्हणजे स्केलने लीक झाकलं होतं! अहो, बॉयलरच्या नळ्यांत पाण्याच्या क्षारांचं स्केल जमतं, ते काढलं की जुनं लीक दिसायला लागतं. आणि नवा मॅनेजर मलाच म्हणायचा, फोरमन, तुम्ही नळी फोडलीत. आज मीच मॅनेजर झालो की!"

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की हा रोग बरा होऊन संपत नाही, ताब्यात राहतो. दर तीन महिन्यांनी यायचं. बोथट सुईने हिरडी कुठे खोल गेलीय का ते मोजायचं, नव्याने जमलेलं काढायचं. कायमचं. मी विचारलं, "कायमचं म्हणजे?" त्या म्हणाल्या, "सर, बीपीची गोळी तुम्ही केव्हा बंद करणार? तसंच हे. बरं वाटलं की लोग आते नहीं. मग एकदम दात हातात घेऊन येतात." माझा चेहरा पडला. फोरमनचा मात्र उजळला. जन्मभर त्यांनी हेच सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "पहिली डॉक्टर भेटली, जिला मेंटेनन्स कळतो."

त्यानंतर दर तीन महिन्यांनी, शनिवारी सकाळी, त्यांची स्कूटर अंबरनाथवरून उल्हासनगरला जायची आणि मागे मी. दातांच्या फटीत घालायच्या त्या बारीक ब्रशला ते, बॉयलरच्या नळ्या घासायच्या ब्रशवरून, 'ट्यूब ब्रशचं पिल्लू' म्हणत आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवत. लग्नाच्या पंगतीतून उठून मला बाजूला घेत, "सर, पिल्लू आणलंय का?" सफाई झाली की अर्धा तास काही खायचं नसे. तो अर्धा तास आम्ही बाजारात फिरून काढत असू, आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानात दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली सिंधी पुरी. दुरुस्त केलेल्या बॉयलरमध्ये पाणी भरून दाब देतात आणि कुठे पाझरतं का बघतात. त्याला हायड्रॉलिक टेस्ट म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कडक पकवानाचा तुकडा दाढेखाली धरून ते डोळे मिटत. कडाड् असा आवाज आला की म्हणत, "पास." मग माझ्याकडे बघत. "आता तुमचा आवाज काढा."

ही हौस नव्हती, हे मला उशिरा समजलं. एकदा त्याच दुकानात बसलेले असताना त्यांनी वडिलांबद्दल सांगितलं. म्हातारपणी दात गेले, कवळी बसली नाही. भाकरी दुधात कुस्करून द्यायचे. "भाकरीचा पापुद्रा चावल्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही त्यांना. एक दिवस वाटी सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नंतर कोणाशी नीट बोललेच नाहीत." पकवानाचा चुरा त्यांनी बोटाने गोळा केला. "मला शेवटचा घास चावून खायचाय, सर. बाकी काही मागणं नाही."

म्हणून खालचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा ते घाबरले. मी त्यांना घाबरलेलं तेव्हाच पाहिलं. डॉक्टरांनी त्या दातांच्या मागून एक बारीक तार चिकटवून सगळे एकमेकांना बांधून टाकले आणि बजावलं, "अंकल, तार धरेल. पण हिरडी तुम्हाला धरावी लागेल." ते धरत होते. दर वेळी सुई आत कमी जात होती, आणि आकडा ऐकला की परीक्षेचा निकाल लागल्यासारखे माझ्याकडे बघत.

फोरमननी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मिश्री सोडली होती; त्यांची बायको, आमच्या वहिनी, मात्र सोडत नव्हत्या. "मिश्रीनं हिरड्या घट्ट राहतात. माझ्या आईचे दात शेवटपर्यंत होते."

"तुझ्या आईचे दात तुझ्या बापाला चावून घट्ट राहिले होते," फोरमन म्हणत.

"बघा हो भावजी, कसं बोलतात! रोज सकाळी उठून चमच्याने तोंड वाजवतात आणि मला शहाणपण शिकवतात." पण त्या शेवटच्या वेळी वहिनी कबूल झाल्या होत्या. येत्या शनिवारी तिघं जायचं, रिक्षा करून. फोरमननी फोन करून त्यांचंही नाव डॉक्टरांकडे सांगून ठेवलं होतं. अर्ध्या इमारतीला ही बातमी त्यांनी दिली.

त्याच आठवड्यातल्या सोमवारची गोष्ट. मी भाजी घेऊन वर येत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला टेकून उभे होते, हात डाव्या गालावर.

"काय झालं?"

"जबडा ठणकतोय हो. खालचा, डावा. कालपासून. जिना चढला की जास्त, उभं राहिलं की थांबतो." त्यांनी खिशातून पिल्लू काढून मला दाखवलं. "सगळं साफ केलं. चमच्याने वाजवून पण बघितलं. आवाज तर सगळ्यांचा ठणठणीत आहे. मग दुखतंय कोण?"

"शनिवार आलाच आहे, मॅडमना दाखवू," मी म्हणालो. त्यांना ते पटलं. घाम पुसून ते उरलेला जिना चढले. मंगळवारी त्यांनी माझ्या दारावर टकटक करून वर्तमानपत्र परत केलं. बुधवारी वहिनींची हाक आली.

मला त्यानंतरचं सलग आठवत नाही. गालावरचा साबण कोणीतरी ओल्या फडक्याने पुसला एवढं आठवतं. अर्धा गाल गुळगुळीत होता.

शुक्रवारी नदीकाठच्या स्मशानात अस्थी सावडायला गेलो. त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला होता. राखेवर दूध-पाणी शिंपडून तो वाकून एकेक अस्थी वेचत होता, आणि एका जागी थांबला. बोटांच्या चिमटीत काळी पडलेली, किंचित वाकलेली एक बारीक तार होती. तिच्या जवळच राखेत दातांची दोन-तीन मुळं, पांढरी.

"काका, हे काय आहे? बाबांना काही ऑपरेशन झालेलं?"

मी सांगितलं. एवढ्या आगीत सगळा माणूस गेला आणि ती तार राहिली होती. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. गुरुजी म्हणाले, धातू बाजूला ठेवा. त्याने मान हलवली. "नको. त्यांनी सांभाळलेली आहे ना? त्यांच्याबरोबरच जाऊ दे." आणि त्याने ती मडक्यात ठेवली.

शनिवारी मी जाणार नव्हतो. वहिनींनी दारातूनच सांगितलं, "जा भावजी. त्यांनी चुकवलं नसतं. आणि मॅडमना कळवायला नको?"

डॉक्टर दार उघडून हसल्या. "आज तर फॅमिली येणार होती. अंकल स्कूटर लावतायत?" मी म्हणालो, "फोरमन गेले." त्या अजून हसतच होत्या. शब्द पोचायला वेळ लागतो, हे मी चार दिवसांत बऱ्याच चेहऱ्यांवर पाहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, कसे, केव्हा. मी तारेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुटली नाही?" आणि तोंड फिरवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुम्हाला दाखवायचंच होतं त्यांना. जबडा दुखत होता दोन दिवस."

"कुठे?"

"खाली. डावीकडे."

"चावताना?"

"नाही. जिना चढताना. उभं राहिलं की थांबायचं."

त्यांचा ग्लोव्ह घालणारा हात अर्ध्यावर थांबला. त्या आपल्या छोट्या गोल स्टुलावर बसल्या. "घाम येत होता?" मी हो म्हणालो.

"सर," त्या म्हणाल्या, "वो दांत नहीं था. हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात येतं. छातीत काही नाही, फक्त जबडा. अंकलना वाटलं दात."

मला एकदम जिन्याचं वळण दिसलं. यंत्राने सांगितलं होतं. आणि सांगितलेलं या माणसाने ऐकलंही होतं, चमचा घेऊन एकेक दात तपासला होता, माझ्यासमोर विचारलंही होतं, दुखतंय कोण. जी जागा जिवापाड सांभाळली, तिकडेच त्यांचा कान लागलेला होता. त्या दिवशी खुर्चीत आडवा पडून, तोंड उघडं ठेवून, मी छताच्या दिव्याकडे पाहत राहिलो. डॉक्टर नेहमीसारख्या मोजत होत्या, सुई आत, सुई बाहेर. डोळ्यांतलं पाणी कानाकडे गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "दुखतंय?" तोंडात आरसा होता, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा शनिवार आला. सकाळी वहिनी चप्पल घालून दारात उभ्या होत्या. "चला. नाव दिलेलं आहे माझं." डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला सांगण्याआधी विचारलं, "जिना चढताना जबडा, मान, हात, काही दुखतं का?" हल्ली त्या प्रत्येकाला हे आधी विचारतात. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक आहे. "नाही," त्या म्हणाल्या, "दुखत नाही."

नंतरचा अर्धा तास आम्ही बाजारात फिरलो. कोपऱ्यावरच्या दुकानाशी माझे पाय आपोआप थांबले. वहिनींना या दुकानाचं काहीच माहीत नव्हतं; फोरमननी घरी कधी सांगितलं नव्हतं, तेलकट खाऊन आलो म्हणून बोलणी बसली असती. मी दोन प्लेट सांगितल्या आणि काय करायचं ते त्यांना समजावलं. त्यांनी पकवानाचा तुकडा दाढेखाली ठेवला, माझ्याकडे संशयाने बघितलं आणि दाबला.

कडाड्.

वहिनी थांबल्या. मान थोडी तिरकी झाली. मग दुसरा तुकडा मोडत त्या हळूच म्हणाल्या, "हे ऐकायला यायचे होय ते?"