पाइनचा वास

“डॉरीन, हे बघ. आता येतोय का वास?”

कॉलिननी पाइनची काडी मोडली, बोटांनी चुरडली आणि बायकोच्या नाकाखाली धरली. डॉरीनने भिडेखातर मान हलवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “आपली बस कधी येणार?”

मी तेव्हा अप्पर हट शहरातल्या एका रेस्ट होममध्ये नर्स होते. रेस्ट होम म्हणजे आपला वृद्धाश्रमच, फक्त नर्स आणि औषधपाण्यासकट. माझ्याकडे डिमेन्शिया विंग होती, म्हणजे स्मृती हरवत चाललेल्यांचा विभाग. न्यूझीलंडमध्ये सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मराठीत लिहिताना ऐंशीच्या गृहस्थाला अरे-तुरे करायला माझा हात धजत नाही. डॉरीन मात्र आई असते तशी ‘ती’च.

कॉलिन रोज तिला भेटायला यायचे. ती त्यांना कधी प्लंबर समजायची, कधी नुसतीच हसायची. मग ते ठासून सांगायचे, “अगं, मी कॉलिन. तुझा नवरा!” की ती घाबरलीच. तिला शांत करताना आमच्या नाकी नऊ यायचे. “तिला दुरुस्त करू नका हो,” मी परोपरीने सांगायचे. आमच्या ट्रेनिंगमधला हा पहिला धडा. पेशंट ज्या जगात आहे तिथे आपण जायचं, त्याला आपल्या जगात ओढायचं नाही.

“मी नवरा आहे तिचा,” कॉलिन म्हणायचे. “मी का नाटक करू?” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

डिसेंबर आला तसा त्यांनी हट्टच धरला. लग्नापासून दर ख्रिसमसला दोघं ख्रिसमसच्या झाडांच्या शेतावर जाऊन आपल्या हाताने झाड कापून आणायची. पाइनचा वास आला की डॉरीन आपल्याला ओळखेल, याची त्यांना खात्री होती. मॅनेजर वैतागली.

“लाउंजमध्ये प्लॅस्टिकचं झाड आहे की.”

“त्याला वास नाही.”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. “स्वाती, तू जाशील बरोबर? लंचच्या आत परत या.”

तिकडचा डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. शेताची मालकीण जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत आली. “किया ओरा!” तिने माओरीत नमस्कार केला. “हीप्स ऑफ चॉइस आहे. इकडे पाइन, वासाला एक नंबर. पलीकडे डग्लस फर, त्याला संत्र्याच्या सालीसारखा वास. कुंपणाजवळ स्प्रूस, दिसायला देखणं, पण टोचतं आणि सुईसारखी पानं लवकर गाळतं.” तिने कॉलिनच्या हातात करवत दिली आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे गेली.

पाइनने काही झालं नाही, तसे कॉलिन आम्हाला फरकडे घेऊन गेले. मग स्प्रूसकडे. आंबे घेताना देठाशी नाक लावून बघतात तसं प्रत्येक झाड आधी स्वतः हुंगायचे, मग काडी डॉरीनपुढे. बोटं चिकाने काळी झाली. “कदाचित आम्ही फरच नेत असू,” ते पुटपुटले. एवढ्या वर्षांचं स्वतःचंच झाड त्यांना खात्रीने सांगता येईना.

“कॉलिन, दोष झाडाचा नाही,” मी म्हटलं. “या आजारात वास फार लवकर जातो. बहुतेक तिला कुठल्याच झाडाचा येत नसेल.”

त्यांनी हातातली काडी खाली टाकली. “म्हणजे आता काहीही घेतलं तरी चालेल,” ते म्हणाले.

डॉरीन तेवढ्यात पाइनच्या ओळीत परत गेली होती. एका बाजूने बोडक्या, वाकड्या झाडाशी उभी राहून ती त्याच्या फांद्या नीट करत होती. कॉलिनचा चेहरा उजळला. “दरवर्षी वाकडंच निवडते! म्हणते, याला दुसरं कोण नेणार?”

ते घाईने गवतात पालथे पडले आणि बुंध्याशी करवत लावली. अशा वेळी दुसऱ्याने झाड पलीकडे रेटून धरायचं असतं, नाहीतर करवत अडकते. मी पुढे होणार, तोच डॉरीनने दोन्ही हातांनी खोड धरलं आणि अगदी हवं तेवढं झुकवलं. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. हातांची सवय हा आजार अगदी शेवटी खातो, हे मी शिकले होते. तरी त्या क्षणी मलाही वेडी आशा वाटली.

“धरलंस?” खालून कॉलिननी विचारलं.

“धरलंय. चालू दे.”

झाड पडलं. कॉलिन गुडघ्यांवर उठून बसले. डॉरीनने त्यांच्या शर्टावरचं गवत झटकलं आणि ती गोड हसली.

“थँक यू हं. फार मदत केलीत तुम्ही. माझा नवरा येईलच आता ट्रेलर घेऊन.”

पुढचं वाक्य मला पाठ होतं. ती घाबरली तर सावरायला मी तिच्याजवळ सरकले.

कॉलिननी टोपी काढली. “येतील की,” ते म्हणाले. “झाड छान निवडलंत, मॅडम.” आणि ते गाडीला जोडलेला ट्रेलर आणायला गेटाकडे चालू लागले.

मी महिनोन्महिने डोकं फोडून शिकवत होते ते त्यांना अखेर जमलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी तोंड फिरवून रडले.

लंचच्या आत आम्ही परतलो. कॉलिन लाउंजमध्ये स्टुलावर चढून झाडाला दिवे लावत होते आणि डॉरीन खिडकीपाशी नवऱ्याची वाट बघत होती.

“कशी झाली ट्रिप?” मॅनेजरने विचारलं.

“छान. डॉरीन एकदाही घाबरली नाही.” यात काहीच खोटं नव्हतं.

दिवे लावून झाल्यावर कॉलिन डॉरीनला “येतो, मॅडम” म्हणाले आणि एकटेच गाडी चालवत घरी गेले. मी दुसऱ्या पेशंटना औषधं देत होते.

पेशंटला दुरुस्त करू नका, हे नव्या नर्सना मी अजूनही शिकवते. धडा बरोबरच आहे. फक्त आता त्यात थोडी भर घालते. ज्या दिवशी नातेवाइकाला हे जमेल, त्या दिवशी त्याला लगेच घरी जाऊ देऊ नका. आधी बसवा, चहा द्या, आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा.