रिव्हॉल्व्हरच्या मुठीवरच्या चौकड्या

साक्रीतली ती घटना आठवली की आजही मला हसू येते. तिथे मी नवीन फौजदार होतो. गावातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर घरातून चोरीला गेले. घर फोडलेले नव्हते, म्हणून संशय म्हाताऱ्या राखणदारावर आला. सगळे त्याला आबा म्हणत. रोज सकाळी आबा ठाण्यात हजेरी द्यायचा आणि एवढेच म्हणायचा, "सायेब, मी चोर नही."

तीन आठवड्यांनी खबऱ्याने निरोप आणला की आठवडी बाजारात एक जण रिव्हॉल्व्हर विकायला फिरतोय. आम्ही साध्या वेशात जाऊन त्याला पंचांसमक्ष धरले. हत्यारावरचा नंबर घासून काढलेला होता. शेटजींनी मात्र मूठ पाहताच ओळखली. त्यांच्या तळहाताला सारखा घाम यायचा, पकड सुटायची, म्हणून त्यांनी मुठीच्या गुळगुळीत लाकडी पट्ट्यांवर बारीक चौकड्या कोरून घेतल्या होत्या.

आरोपी पक्का होता. "परगावी अनोळखी माणसाकडून घेतलं. चौकड्या मीच कोरल्या," एवढेच तो सांगत राहिला.

शेटजींनी ज्याला काम दिले होते त्या सुताराला मी बोलावले. "माझंच काम," तो छाती फुगवून म्हणाला. मी त्याच्यापुढे पटाशी आणि लाकडाचा तुकडा ठेवला. "चार रेघा मारून दाखव." पहिली रेघ नीट आली, दुसरी तिच्यावरच चढली. आरोपी खुदकन हसला. माझी केस हातची जाणार, असे वाटले.

दुपारी सुताराची बायको त्याची भाकरी घेऊन ठाण्यात आली. टेबलावरची मूठ बघून ती थबकली.

"सायेब, हाई मनं काम शे."

चौकड्या तिने कोरल्या होत्या. सुताराने मान खाली घातली. ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "येस्ले रंधा येस, नक्षी नही."

"बाईच्या हातचं म्हटलं तर गिऱ्हाईक येत नाही, साहेब," सुतार पुटपुटला.

नक्षीकाम ती माहेरी वडिलांकडे शिकली होती. "पट्टी खोला," ती म्हणाली. "मांगला आंगले तीन रेघा शेतस, एक वाकडी. पहिले तठे हात बसाडा." म्हणजे चौकड्या कोरण्याआधी तिने पट्टीच्या मागच्या बाजूला हात बसवून पाहिला होता.

मी पट्टी लगेच उघडली नाही. पुन्हा पंच बोलावले, बाईचे म्हणणे लिहून घेतले आणि आरोपीला दुसऱ्या खोलीतून आणून विचारले, "तू कोरलंस ना? मग पट्टीच्या आतल्या बाजूला काय आहे?"

"काय असणार? कोरं लाकूड."

स्क्रू काढला. आत तीन रेघा होत्या, मधली वाकडी. शेटजींना आम्ही तोवर फक्त हत्यार दाखवले होते, माणूस नाही. आरोपी पूर्वी त्यांच्याच मोटारीवर ड्रायव्हर होता. कपाटाची किल्ली कुठे टांगतात हे त्याला ठाऊक होते. त्याने सगळे कबूल केले. शेटजी स्वतः आबाला घेऊन ठाण्यात आले आणि सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. आबा इतका खूश झाला की पाया मीच पडायला हवे असताना तोच माझ्या पाया पडू लागला.

संध्याकाळी बाईचा जबाब तिला वाचून दाखवला. रायटर हवालदाराने सवयीने व्यवसायाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिले होते.

"घरकाम नही, सुतारकाम लिखा," ती म्हणाली.

मी तो शब्द खोडला, दुरुस्ती केली आणि बाजूला सही ठोकली. पुढच्या सगळ्या नोकरीत, दुकान कोणाचे एवढे विचारून मी कधी थांबलो नाही. काम कोणाच्या हातचे, हेही विचारत गेलो. बऱ्याचदा खरा साक्षीदार आतल्या खोलीत बसलेला सापडला.