आत का गेलात?

थळच्या अलीकडे, खाडीला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे एकटीच राहायला आले. शेजारची वाडी तोवर मुंबईच्या एका गृहस्थांनी विकत घेतली होती. पुरुषभर उंच भिंत, फाटकावर 'आत येण्यास सक्त मनाई' ही पाटी, आणि आत एक म्हातारा राखणदार. फाटकाला कुलूप बाहेरून. चावी मालकाच्या माणसाकडे, तो आठवड्याने यायचा. राखणदार रोज सकाळी भिंतीपलीकडून मला हाक मारायचा.

एका वैशाखात दोन दिवस हाक आली नाही. मालकांना फोन लावला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडून कण्हणं ऐकू आलं. मासे घेऊन आलेली कोळीण माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. मी पाटीसमोर थबकले.

"बाय, मानूस मरल आत," ती म्हणाली. "कुलूप काय बगत बसलीस?"

तिने दगडाने कुलूप फोडलं. म्हातारा खोलीत जमिनीवर पडला होता, एक अंग लुळं, तोंड वाकडं. रिक्षात घालून त्याला अलिबागला नेलं. तो वाचला. मुलगा येऊन गावी घेऊन गेला.

महिन्याभराने मला समन्स आलं, मालकांनी दावा लावला होता. बेकायदा प्रवेश, कुलपाची मोडतोड, नुकसानभरपाई, शिवाय पुन्हा तिथे पाऊल टाकायला कायमची मनाई. माझी वकील म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने समजावलं की आत गेले नाही असं म्हणायचंच नाही. जीव वाचवायचा होता, दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि गरजेपुरतंच आत गेले, हाच आपला बचाव.

"पण बाई, एक पाऊल जरी जास्त टाकलं असेल तर आत्ताच सांगा."

कोर्टात मालकांच्या वकिलांनी कुलपाबद्दल एकच प्रश्न विचारला. मग मात्र तीनदा, शब्द बदलून, एकच विचारत राहिले: खोलीच्या मागे, खाडीच्या बाजूला गेला होतात का? मी शपथेवर खरं ते सांगितलं. खोलीपर्यंत गेले, पुढे नाही. मालक पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले.

दावा फेटाळला गेला. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. मी कोळणीला सांगितलं, तेव्हा ती नवऱ्याबरोबर होडीतून त्या बाजूला जाऊन आली. भिंतीमागची तिवरं, सगळी खारफुटी, तोडून भराव घातला होता, खाडीच्या पाण्याची वाट बुजवली होती. मी तहसील कचेरीत तक्रार केली. तिथले साहेब आले, फाटकाबाहेरूनच परतले. मला त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? खोलीच्या मागे गेले नाही, हे मी शपथेवर सांगून बसले होते. ज्या उत्तराने मी सुटले होते, तेच आता आड आलं.

पुढच्या उधाणाला पाणी आमच्या बाजूने चढलं. पोफळी पिवळ्या पडल्या, विहीर खारट झाली. आता अमावास्या जवळ आली की मी ओटीवर बसून पाणी बघते. गेल्या खेपेला ते खालच्या पायरीला लागलं होतं.